एका पानाची जागा

रविवारी सकाळी आठ वाजता बाबांनी कोंबडीची पिशवी ओट्यावर ठेवली, बाहेरच्या खोलीत फरशीवर मांडी घातली आणि वर्तमानपत्र समोर पूर्ण उघडलं. पहिली बातमी वाचून होते न होते तोच त्यांच्याभोवती खडू फिरू लागला.

"हे काय चाललंय?"

"तुमची जागा आखतेय," भुंगा म्हणाली. ती चौथीत होती. एकदा प्रश्नामागे लागली की सोडायची नाही, म्हणून घरात तिला हे नाव पडलं होतं.

आज ती बाबांबरोबर कोंबडीच्या दुकानात गेली होती. तिने दुकानदाराला तीन प्रश्न विचारले. माणूस सरळ होता, त्याने तिन्हींची उत्तरं दिली. एका शेडमध्ये कोंबड्या किती? दहा हजार. एकीला जागा किती? मोठी झाली की वहीच्या पानाएवढी. ती बसली की पान भरतं. आणि शेडबाहेर कधी जातात? "एकदाच," दुकानदार म्हणाला. "माझ्याकडे यायला."

"कोंबडी बसली की तिची जागा भरते," भुंगाने चौकोन पुरा करत सांगितलं. "तुम्ही बसलात की एवढी भरते. आता दिवसभर यातच बसून दाखवा."

"आणि बसलो तर?"

"तर दर रविवारी कोंबडी आणा, मी एक शब्द बोलणार नाही. बाहेर आलात तर शेडमधली कोंबडी या घरात पुन्हा नाही."

बाबा वजनमापे निरीक्षक होते. त्यांची सावली बाजारात पडली की दुकानदार आपापले तराजू पुसायला लागत. असा माणूस चौथीतल्या पोरीच्या चौकोनाला घाबरणार थोडाच?

"कबूल! संध्याकाळी सातपर्यंत. अण्णा, तुम्ही पंच."

अण्णा म्हणजे आजोबा. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून चौकोन नीट पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"नैसर्गिक विधीसाठी पाच-पाच मिनिटांची सूट," एवढंच ते म्हणाले.

"आजोबा, कोंबड्या तर तिथेच..."

"भुंग्या, पुरे!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

पेपर वाचून झाला. बाबांनी त्याची घडी करून चौकोनाबाहेर सरकवली आणि पाय लांब केले. पाय आरामात मावले. "ऐसपैस आहे की! या कोंबड्यांची तक्रार तरी काय असते?" आजोबांनी एकदा त्या पायांकडे पाहिलं, एकदा पेपराच्या घडीकडे, आणि पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

दहा वाजता भुंगाने खोलीतले सगळे दिवे लावले. "मी पुस्तकात वाचलंय, शेडमध्ये बराच वेळ दिवे चालू असतात. म्हणजे त्या खात राहतात आणि सहा आठवड्यांत विकायला तयार होतात."

"सहा आठवड्यांत? सहा आठवड्यांची असताना तुला मानही धरता येत नव्हती."

"तेच म्हणतेय मी."

अकरा वाजता तिने पेल्यातून काहीतरी पांढरट आणलं.

"हे काय?"

"औषध. म्हणजे नुसती साखर घातलीय. तिकडे गर्दीत साथ पसरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी पाण्यातूनच देतात."

"अगं, आजारी नसताना औषध कशाला घ्यायचं? मागे ताप आला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? उगाच औषध घेत राहिलं की जंतू त्याला सरावतात, मग खरी गरज लागते तेव्हा ते चालत नाही." एवढं बोलून बाबा थांबले. आपण कोणाच्या बाजूने बोललो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. पेला त्यांनी गुपचूप रिकामा केला.

बारा वाजता दार वाजलं आणि एकापाठोपाठ एक गल्लीतली अकरा मुलं आत आली.

"हे कशाला?"

"शेडमध्ये एकटी कोंबडी असते का?" भुंगाने चौकोनाच्या चारी बाजूंना मुलांना खेटून बसवलं. कोणाचा गुडघा बाबांच्या बरगडीत, कोणाचं कोपर कानाशी. एकाला सर्दी होती. दुसरा मनापासून कोंबडीसारखा ओरडत होता.

"अहो, उठा आता," आई म्हणाली. "कशाला हा हट्ट? मी आज डाळ-भात करते."

"उठणार नाही," बाबा दातओठ खात म्हणाले. "तू कोंबडी शिजव."

चार वाजता पुन्हा दार वाजलं. आता मात्र बाबांचे मोठे साहेब दारात उभे होते. एका फायलीवर सही हवी होती. साहेब आले की बाबा नेहमी खुर्चीतून ताडकन उठत. आज अकरा मुलांच्या मधोमध, लख्ख उजेडात, ते फरशीवरूनच म्हणाले, "नमस्कार साहेब. उठता येत नाही."

"अरेरे! कंबर धरली का?"

"नाही. मोजमाप चालू आहे."

"रविवारी?" साहेबांनी खडूची रेघ पाहिली, पोरांची दाटी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुमच्यासारखी चार माणसं असती तर खातं कुठच्या कुठे गेलं असतं!" ओणवं होऊन त्यांनी सही घेतली. जाताना स्वयंपाकघराकडे नाक करून म्हणाले, "वास मात्र झकास येतोय हं."

पोरं सहा वाजता पांगली. सातचे ठोके पडले आणि आईने चौकोनात ताट ठेवलं. आजोबांची सवलत सोडली तर दिवसभरात बाबांनी रेघ एकदाही ओलांडली नव्हती; त्या सवलतीतलीही तीन मिनिटं त्यांनी शिल्लक ठेवली होती. भुंगाचा चेहरा एवढासा झाला होता, पण ती शब्दाची पक्की होती.

"हरले मी," ती म्हणाली. "जेवा बाबा."

बाबांनी घास घ्यायला हात पुढे केला.

"काय रे," शब्दकोड्यातून मान न उचलता आजोबांनी विचारलं, "सकाळी खडू फिरला, तेव्हा पेपर कुठे होता?"

हात ताटावरच थांबला. बाबांनी चौकोनाबाहेर पडलेल्या पेपराच्या घडीकडे पाहिलं.

"भुंग्या," बाबा हळूच म्हणाले, "माझी टेप आण."

त्यांनी चौकोन मोजला. मग सकाळचा पेपर उघडून, जसा सकाळी होता तसाच, समोर पसरला. अर्ध्याहून जास्त चौकोन पेपराखाली गेला. उरलेल्या जागेत बाबा सरकले. गुडघे छातीशी आले, हात आपोआप अंगाला चिकटले. मग त्यांनी ताट आत ओढलं. ताट आलं तर पाय बाहेर, पाय आत घेतला तर ताट बाहेर. तीनदा खटपट करून ते तसेच अंग चोरून बसले. पाच मिनिटांनी पायाला मुंग्या आल्या. दहाव्या मिनिटाला ते उठले आणि कार्यालयातल्या आवाजात म्हणाले, "माप खोटं आहे. व्यवहार रद्द."

"पण तुम्ही बाहेर कुठे आलात?" भुंगा म्हणाली. "चूक माझी होती. मी पेपरही धरला."

"फायदा माझा झाला ना? खोट्या मापावर जिंकलेलं माझ्या घरात चालणार नाही. शेडमधली कोंबडी बंद."

"आणि हे पातेलंभर शिजवलंय त्याचं?" आईने विचारलं.

बाबांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं. तो सुस्कारा शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकला असेल. "साहेबांना वास आवडला होता. पाठव त्यांच्याकडे."

जेवायला डाळ-भात होता. मधेच बाबांनी विचारलं, "अण्णा, तुमच्या कधी लक्षात आलं?"

"सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? अकरा तास बसलो मी!"

"मी सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास," आजोबा म्हणाले. "मोजलंस म्हणून पटलं."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने निरीक्षकसाहेबांना लांबून येताना पाहिलं आणि घाईघाईने तराजू पुसून चकचकीत केला. बाबांनी तराजूकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खिशातून वही काढली, त्यातलं एक पान फाडलं आणि दुकानदारासमोर ठेवलं.

"या मापाची चौकशी करायची आहे," ते म्हणाले. "शेडचा पत्ता द्या."

त्यांच्या मागे, खडू मुठीत धरून, भुंगा उभी होती.