अबोल्याचा चढ

"अंगठ्यानं ढकलायचा गिअरचा खटका? अहो, माझा अंगठा ढकलत असता तर मी इथे आले असते का?" टेलरबाईंनी दुकानातली पहिली सायकल जागीच नापास केली.

तीस वर्षं कात्री चालवून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात मुक्कामाला आला होता. डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली होती, अंगठ्याला मात्र सक्त विश्रांती. तेव्हापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सायकलनं चढून जायचंच, असा बाईंनी चंग बांधला होता. त्यांचे यजमान निवृत्त ग्रंथपाल. तीन आठवडे गिअरांचा अभ्यास करून त्यांनी आख्खी वही भरली होती.

"मग हा बघ," ते पुढच्या पानावर बोट ठेवून म्हणाले. "मूठ पिरगाळायची, की गिअर बदलतो."

"मला घरात ओला रुमाल पिळवत नाही, आणि चढावर मूठ कुठली पिळतेय?"

सायकलवाला याच क्षणाची वाट बघत होता. त्यानं पडद्याआडून एक निळी सायकल अशी काही बाहेर आणली, की जणू घरची लेकच दाखवायला आणतोय. "तार नाही, खटका नाही, जोर नाही! डावं बटण हलका गिअर, उजवं जड. नुसतं बोट टेकवायचं. झोपलेल्या बाळाच्या गालाला लावतो ना, तेवढंच."

टेलरबाईंनी करंगळी टेकवली. कुठूनतरी 'झुंऽ' असा बारीक आवाज आला.

"बदलला! अहो, बदलला!" त्या चक्क टाळ्या वाजवायला गेल्या, आणि अंगठा आठवून थांबल्या.

"माझाही बदलला!" टायरांच्या रांगेपलीकडून खणखणीत आवाज आला, आणि ग्रंथपालांच्या हातातली वही गळून पडली. तो आवाज त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता.

ताई शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी आवाज कामावरच होता. नणंद-भावजयीत दोन वर्षं अबोला होता. सासूबाईंचा काचेचा जग टेलरबाईंच्या हातून निसटला, तेव्हा ताई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "धरवत नाही तर हात कशाला लावायचा?" आणि आता त्याच ताई तसल्याच लाल सायकलवर हात ठेवून उभ्या होत्या.

"यांना सांगा, ही सायकल मी आधी पाहिली," टेलरबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"तिला सांग, दोन आहेत. डोळे उघडून बघ म्हणावं," ताई भावाला म्हणाल्या.

"टेकडीवर एक चक्कर मारून या ना दोघी," सायकलवाला म्हणाला. त्याला वाटलं, चांगलं गिऱ्हाईक आहे.

दोघी बाणासारख्या सुटल्या. निरोप्याची नोकरी सांभाळायला ग्रंथपालही नापास झालेल्या सायकलवर बसून मागोमाग निघाले.

चढ सुरू झाला. दोघींनी एकदमच डावं बटण दाबलं, दोघींचे पाय एकदमच हलके झाले. मग ताईंना जोर दाखवायची हुक्की आली. त्यांनी उजवं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. आणि टेलरबाईंचे पेडल दगड बांधल्यासारखे जड झाले.

"अगं बाई!" त्यांनी घाईघाईनं डावं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुढे ताईंचे पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे भराभर वरखाली व्हायला लागले, आणि सायकल मात्र जागची हलेना.

"तिला सांग, माझ्या सायकलला काहीतरी झालंय!" ताई ओरडल्या.

सांगणार कोण? निरोप्या मागच्या वळणावर सायकलवरून उतरून धापा टाकत होता. टेलरबाईंनी सगळा जीव एकवटून ताईंना गाठलं, बटणावर बोट टेकवलं, आणि त्यांचं लक्ष ताईंच्या चेनकडे गेलं. 'झुंऽ.' आवाज तिकडून आला होता.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या थेट बोलल्या. "वन्सं! माझं बटण तुमचा गिअर बदलतंय!"

"काय सांगतेस! मग माझं?"

"माझा! दाबा, डावं दाबा! माझे गुडघे चाललेत!"

ताईंनी दाबलं. टेलरबाईंचे पाय पिसासारखे झाले. "आता माझा जड कर! एक! दोन! बास!" ताईंच्या तोंडून कवायतीचे हुकूम सुटायला लागले. अंतर पडलं की बटण चालेना, म्हणून दोघी खेटून चालवू लागल्या.

"वन्सं, पण तुम्ही बटणाची सायकल का घेताय?"

ताई पेडल मारता मारताच म्हणाल्या, "माझाही अंगठा गेला गं. गेल्या महिन्यात माझ्या हातून कुकर पडला. त्या दिवशी तुझ्याकडे यायला निघाले होते. फाटकापर्यंत आले आणि परत गेले."

टेलरबाईंनी ताईंचा गिअर आणखी एक हलका केला.

टाकीपाशी पोचल्यावर दोघी इतक्या ओरडल्या, की टाकीवरचा पहारेकरी धावत बाहेर आला.

खाली सायकलवाला पांढराफटक होऊन उभा होता. "चुकलं हो! सकाळी दोन्ही सायकलींच्या बटणांच्या बॅटऱ्या बदलल्या आणि परत बसवताना हिची बटणं तिला, तिची हिला लागली. दोन मिनिटांत नीट करतो!"

"हात लावाल तर याद राखा!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

दोन्ही सायकली होत्या तशाच घरी गेल्या. ग्रंथपालांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निरोप्याची नोकरी सुटली होती.

तीन आठवडे बरे गेले. मग चढावर कोणी पुढे राहायचं यावरून दोघींचं असं बिनसलं, की पुन्हा अबोला. ग्रंथपालांना वाटलं, आता सायकली अंगणात गंजणार. पण पहाटे फाटक वाजलं. दोघी निघाल्या होत्या, खेटून, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना. तेही उत्सुकतेनं मागे गेले.

चढावर ताईंनी एकदा घंटी वाजवली, टेलरबाईंनी गिअर हलका केला. टेलरबाईंनी दोनदा वाजवली, ताईंनी जड केला. अबोला अगदी कडक होता.

सर्वांत उभ्या वळणावर ताईंची घंटी वाजली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. टेलरबाईंनी आधी आरामात कपाळावरचा घाम पुसला, पदर नीट खोचला, पलीकडच्या झाडावर एक पक्षी होता तो पाहिला, आणि मग बटणावर अलगद करंगळी टेकवली.