सशांचं पाणी कोण बदलणार?

आमच्या समोरचे आप्पा रोज सकाळी पाण्याची बाटली कानाला लावून ओट्यावर उभे राहायचे. घराघरांत मोबाईल यायच्या आधीची गोष्ट आहे ही. त्यामुळे गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की चार दिवस लांबूनच बघायचं आणि मग माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारायचं, "ते समोरचे आजोबा कुणाशी बोलत असतात?" मी शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगायची, "बोलत नाहीत. ऐकतात."

बाटली सशांची. उलटी टांगायची, तोंडाला स्टीलची नळी, नळीत बारकी गोळी. सशानं जीभ लावली की गोळी सरकते आणि पाणी येतं. ही गोळी मोकळी वाजली तरच बाटली पिंजऱ्याला लागायची, नाही वाजली तर पुन्हा धुवायला जायची.

आप्पांचा जन्म गेला दौंड स्टेशनात, गाड्यांच्या डब्यांत पाणी भरण्यात. बायको आधीच गेली होती. रिटायर झाले आणि हातातला पाइपही सुटला. तेवढ्यात बदली होऊन निघालेल्या एका साहेबांच्या मुलांनी आपले दोन ससे, पिंजऱ्यासकट, त्यांच्या ओट्यावर आणून ठेवले. "सुट्टीत न्यायला येतो," म्हणाली. कोण येतंय! आप्पांनी पांढऱ्याचं नाव ठेवलं अप आणि तपकिरी सशाचं डाऊन. अपच्या बाटलीला हिरवा दोरा, डाऊनच्या बाटलीला लाल. बाटल्यांची अदलाबदल म्हणजे त्यांच्या लेखी अपघातच.

बाटलीत कोमट पाणी आणि मूठभर तांदूळ घालून खळाखळा हलवायचे. खाण्याचे वाडगे चिनी मातीचे, जड, सशानं लाथ मारली तरी कलंडणार नाहीत असे. ते काथ्यानं घासून भिंतीवर पालथे घालायचे आणि ठणठणीत वाळल्याशिवाय त्यांत लसूणघासाची काडी पडू द्यायची नाही. हे सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. मी एकदा भांड्यांचा साबण देऊ केला तर म्हणाले, "सूनबाई, तुम्हाला साबनाचा च्या दिला तर प्याल का?"

त्यांचा हा पाण्याचा सोस सशांवर थांबत नसे. लोक एकमेकांना जेवलात का विचारतात, आप्पा विचारायचे, "पानी भरलं का?" आमचे हे ड्युटीला निघाले की ओट्यावरून हाक यायची, "बाटली घेतली का? गाडी सुटल्यावर भरता येत न्हाई." एकदा घरात आले, माझ्या माठावरचं झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "कालचं हाय." मला राग आला. पण होतं कालचंच.

लग्न असो, बारसं असो, गल्लीची जेजुरीची ट्रिप असो, आप्पांचं उत्तर ठरलेलं. "मी कसा येनार? सशांचं पानी कोन बदलनार?"

मुलगा सणसवाडीला कंपनीत होता. एसटीनं सकाळी निघालं तर माणूस जेवायला पोचेल, एवढंच अंतर. दर रविवारी आप्पा एसटीडी बूथवर जायचे आणि परतताना माझ्या खिडकीशी थांबायचे. "पोरगं लई मागं लागलंय. म्हनतंय, आप्पा, या, नातीला बघा, ऱ्हावा म्हैनाभर. मी म्हनलं, बाबा, समदं खरं, पन सशांचं पानी कोन बदलनार?" असं म्हणून हसायचे आणि काथ्या हातात घ्यायचे. मला त्या सशांचाच राग यायचा. दोन मुक्या जनावरांपायी माणूस नातीला मुकतोय, म्हणजे काय!

म्हणून त्या दिवाळीत मी पदर खोचला. आमच्या दारात गल्लीतल्या बायका चकल्या पाडत होत्या. त्यांच्यादेखत म्हटलं, "आप्पा, या पाडव्याला तुम्ही सणसवाडीला जा. सशांचं पाणी मी बदलते."

"तुम्हाला न्हाई जमायचं."

"शिकवा."

बायकांनी माझीच री ओढली. जा की आप्पा, नात वाट बघत असेल. हातातली बाटली आप्पांनी भरली, ओतली, परत भरली. "बरं," म्हणाले.

मग माझं ट्रेनिंग सुरू झालं. तांदूळ किती, पाणी किती कोमट, वाडगा वाळला हे गालाला लावून कसं बघायचं. मी बाटली कानाला लावली.

"गोळी ऐकू आली का?"

"आली."

"कशी यील? बाटली अजून हलवलीच न्हाई तुम्ही."

पाडव्याच्या सकाळी आप्पा निघाले. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत नातीसाठी रबरी बाहुली आणि माझ्या चकल्यांचा डबा. कोपऱ्यावर वळून त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं. मी हात हलवला. एका माणसाला त्याच्या माणसांत धाडल्याचं समाधान मला दिवसभर पुरलं. बाटल्या तर मी अशा लखलखीत घासल्या की आप्पांनाही खोड काढता आली नसती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. नणंद कुर्डुवाडीहून येणार, हे ड्युटीवर, म्हणून दुपारी तिला आणायला मी स्टेशनवर गेले. गाडीला वेळ होता. फलाटाच्या पार टोकाला, पाणी भरायच्या पाइपांजवळ, बाकावर आप्पा बसले होते. शर्ट चुरगळलेला. मांडीवर चकल्यांचा डबा, शेजारी पिशवी, पिशवीतून बाहुलीचे पाय वर आलेले.

मी खांबाआड झाले. ओळखीचा चहावाला जवळ आला. "वहिनी, आप्पास्नी घरी न्ह्या की. काल सकाळधरनं हितंच बसल्यात. पोरगं गाडीनं यायचंय म्हनत्यात."

सणसवाडीला रेल्वे नाही. हे आप्पांइतकं कुणाला माहीत असणार?

बोलावणं नव्हतंच. या दिवाळीला नव्हतं आणि इतक्या रविवारी कधीच नव्हतं. लोकांपुढे मान वर ठेवायला आप्पांजवळ ते एकच वाक्य होतं, आणि मी ते सगळ्या बायकांदेखत काढून घेतलं होतं.

गाडी आली. नणंदेची पिशवी घेऊन मी तिला दुसऱ्या टोकाकडे वळवलं. ती मागे बघत म्हणाली, "अगं, ते तुमचे आप्पा ना?"

"नाही हो वन्सं, आप्पा सणसवाडीला गेलेत. मुलाकडे."

घरी आले आणि चहा टाकायच्या आधी पिंजऱ्याकडे गेले. हिरव्या दोऱ्याची बाटली डाऊनला लावली, लाल अपला. घासलेले वाडगे काढून सकाळचे न धुतलेले, काड्या चिकटलेले वाडगे आत ठेवले. अपनं वास घेतला आणि खायला लागला. नणंद दारातून बघत होती. तिला वाटलं असेल, वहिनीचं डोकं फिरलंय.

दिवे लागायच्या सुमाराला आप्पा आले. कुलूप काढायच्या आधी पिंजऱ्याशी वाकले आणि तसेच ताठ झाले.

"सूनबाई, हे काय?"

मी पदराला हात पुसत बाहेर गेले. शेजारच्या बायकाही डोकावल्या.

"हिरवी कुनाची, लाल कुनाची? आन् हे वाडगं? हे धुतलं म्हनायचं?"

"चुकलं, आप्पा," मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "आमच्याच्यानं नाही होत हे."

"म्हनून तर मी कुटं जात न्हाई." आप्पांचा आवाज चढला होता, पण मान वर आली होती. "तुमच्या भरवशावर टाकून कसा जाऊ? सांगा की."

"नकाच जाऊ," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "पोरानं दिल्यात. सोडतच नव्हतं." पुड्यावर आमच्याच स्टेशन रोडच्या दुकानाचं नाव होतं. मी एक पेढा तोंडात टाकला. "छान आहेत हो सणसवाडीचे पेढे. नात काय म्हणते?"

"बोलती आता. म्हनती, आज्या, जाऊ नगं." आप्पांनी बाटली धुतली, भरली, हलवून कानाला लावली. "मी म्हनलं, बाय, सशांचं पानी..."

गोळी वाजायची थांबली तरी त्यांनी बाटली कानावरून काढली नाही.