झेंड्याला दोन पाय

"माझ्या झेंड्याला हात लावायचा नाही!" सेफ्टीसाहेबांनी सकाळीच बायकोला दटावलं आणि दोरीवरचा नारिंगी कपडा स्वतः ओढून काढला.

"अहो, पण तो..."

"उशीर होतोय!"

तांब्याच्या खाणीत सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं. तिथल्या धुळीने मळलेला जीपवरचा झेंडा त्यांनी धुवायला घरी आणला होता. आज बडे साहेब खाणीत येणार होते आणि खाणप्रमुखाच्या रिकाम्या खुर्चीवर सेफ्टीसाहेबांचा डोळा होता. त्यांनी कपडा जीपवरच्या उंच काठीला करकचून बांधला. वारा नव्हता, त्यामुळे तो गुपचूप लोंबत राहिला.

खाणीत या झेंड्याला भारी मान. तिथले डंपर दुमजली घराएवढे. वर बसलेल्या ड्रायव्हरला खालची जीप दिसतच नाही, दिसतो तो काठीवरचा झेंडा. झेंडा दिसला की डंपरने हॉर्न द्यायचा, असा नियम. वायरलेसवर गंमत केली म्हणून कालच साहेबांनी डंपर चालवणाऱ्या एका ताईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. "जे दिसतं तेवढंच बोलायचं! स्पष्ट!"

खाणीचा रस्ता गोल गोल फिरत तळाशी उतरतो. पहिल्याच वळणावर वारा सुटला.

"समोरून जीप," वायरलेसवर ताईंचा आवाज आला. "झेंडा दिसतोय. झेंड्याला दोन पाय आहेत."

"काय बोलताय काय?"

"जे दिसतंय तेवढंच, साहेब. नाडीपण आहे."

साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. सासऱ्यांनी दिलेला पायजमा! नारिंगी रंग, वर जाड निळे पट्टे. दिवा मालवल्याशिवाय ते तो कधी घालत नसत. आता दोन्ही पायांत वारा भरून तो आभाळाला लाथा झाडत होता.

थांबून काढावा? उतारावर जीप थांबवायची नाही, हा नियम त्यांचाच. वाटेत खाली उतरायचं नाही, हाही त्यांचाच. समोरून भरलेले डंपर, मागे रिकामा डंपर. तळापर्यंत जाण्यावाचून इलाज नव्हता. आणि भेटेल तो डंपर नियमाप्रमाणे हॉर्न देत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं साहेबांना झालं. इथे धरणी आधीच दुभंगलेली होती, पण मेली पोटात घेईना.

तळाशी बडे साहेब वाट बघत उभे होते. सेफ्टीसाहेब मान खाली घालून उतरले.

"चूक झाली, साहेब. फार लाज वाटतेय. काल ताईंना उगाच बोललो, आणि आज मीच हे असं..."

"अहो, लाज कसली? मी इथून वर बघत होतो. धुळीत बाकीची एक जीप दिसेल तर शपथ! तुमची मात्र नाडीसकट दिसली. सगळ्या झेंड्यांना हेच कापड घ्या."

पायजमा नमुना म्हणून स्टोअरमध्ये जमा झाला. सेफ्टीसाहेबांनी ताईंची सगळ्यांदेखत माफी मागितली. खुर्ची मिळाली, पण लोक त्यांना 'नाडीसाहेब' म्हणू लागले.

महिन्याभराने सासरे खाण बघायला आले. कठड्यापाशी उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. खाणभर निळ्या पट्ट्यांचे नारिंगी झेंडे फडफडत होते. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"जावईबापू," ते म्हणाले, "एवढा आवडला होता, तर बोलला का नाहीत? या वेळी मी डझनभर घेऊन आलोय."