कळण्याचा तास

कामिनी धुळ्याच्या एका शाळेत हंगामी शिक्षिका होती. आज संस्थेचे अध्यक्ष शालिग्राम आबा तिचा संधीचा तास बघणार होते आणि त्यावरच तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. आबांची अडचण एकच. तास सुरू झाला की त्यांना झोप लागे आणि जाग आली की "काही समजलं नाही" असं सांगून ते निघून जात.

म्हणून कामिनीने युक्ती काढली होती. एका डब्यात ज्वारीचं पीठ, दुसऱ्यात उडदाचं. वर्गात दोन्ही एकत्र करायची आणि म्हणायचं, आता ज्वारीही नाही, उडीदही नाही, हा झाला कळणा. तसंच 'महा' आणि 'ईश' भेटले की 'आ' जातो, 'ई' जाते आणि 'ए' येऊन बसतो, महेश. आठवडाभर ती स्वयंपाकघरात हेच घोकत होती.

फळ्यावर 'महा + ईश' लिहून, "आधी दोन पिठांची संधी करू," म्हणत तिने पहिला डबा उघडला. आत कळणा. घाईने दुसरा उघडला, तर त्यातही कळणाच.

"मॅडम," पुढच्या बाकावरची हर्षिता म्हणाली, "संधी तर घरीच झालीये."

वर्ग हसला आणि आबांना जाग आली. कामिनीने फळा पुसला, नुसतं 'महेश' लिहिलं आणि डबा पुढे केला.

"आज संधी सोडवायची. आधी सांगा, या पिठात काय काय आहे?"

"ज्वारी!"

"उडीद."

"मीठ बी शे," म्हणत आबा स्वतःच उठले आणि चिमूट जिभेवर टाकली. "उडीद कमी पडना पण."

"नाही आबा, आमच्या घरी एवढाच घालतात," हर्षिता म्हणाली.

अर्धा वर्ग आबांकडे गेला, अर्धा हर्षिताकडे. त्या गोंधळातच कामिनीने "आणि महेशमध्ये?" विचारलं, तेव्हा अख्खा वर्ग "महा, ईश" ओरडला. आबाही ओरडले.

"बाई, तुम्ही कायम," जाताना ते म्हणाले.

घरी सासूबाई, इंदिराबाई, दारातच उभ्या होत्या.

"डबा पाह्यात ना? आठ दिन तू ज्वारी-उडीद, ज्वारी-उडीद करी राहिंती. म्हटलं, पोरले कळणा जमत नही. बठ्ठं मीच मिसाळी दिधं."

संतापावं की पाया पडावं, हे कामिनीला कळेना. शेवटी ती हसली.

"आई, मी कायम झाले. आबा फक्त म्हणाले, उडीद कमी पडला."

इंदिराबाईंचा चेहरा पडला. सुनेच्या नोकरीचं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

"उडीद कमी? बलाव त्या आबाले घर."