बारा हजार लिटरचं प्रात्यक्षिक

पाण्यावर बोलावं ते मीच, असं आमच्या पारनेर तालुक्यात निदान मी तरी मानत होतो. त्यामुळे चाळीस शिक्षकांना पाणलोट शिकवायला मार्गदर्शक म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य बायकोला वाटलं. आमच्या घरची टाकी वर्षभर गळत होती.

मी ठरवलं, फळ्यावर खडू झिजवायचा नाही. खडकमाळ वाडीच्या डोंगरउतारावर आडवे समतल चर खणलेले आहेत. वरून टँकरभर पाणी सोडायचं आणि धावतं पाणी चर कसे अडवतात, ते थेट दाखवायचं. केंद्रप्रमुख काकासाहेबांनी टँकर कबूल केला.

एप्रिलची दुपार. दोनला टँकर आला. वाडीलाही टँकरच येतो, चार दिवसांतून एक खेप, आणि त्यावर साठ घरं दिवस काढतात, हे मला ठाऊक होतं. पण तो सकाळी येतो. आज तो पंक्चर होऊन दुपारी उगवलाय, हे मला कोण सांगणार?

ड्रायव्हर आसारामनं मान बाहेर काढली.

"सर, इहिरीकडं घेऊ ना?"

"विहीर कशाला? वर घ्या, पहिल्या चरापाशी."

"डोंगरावर?"

"अहो, पाणी वरूनच सोडायचं असतं. आजचा विषयच तो आहे."

आसारामनं आमच्या टोप्या पाहिल्या, गळ्यातली ओळखपत्रं पाहिली. "तुमी शिकल्याली मान्सं. मला काय, खेपंवर सही पायजे."

मी झोकात सही केली.

प्रात्यक्षिक मात्र फर्मास झालं! पहिला चर भरला, मग दुसरा, मग तिसरा. शिक्षक व्हिडिओ काढत होते. तासाभरात पाणी मुरून चरांत नुसती ओल उरली. "बघा," मी म्हणालो, "एक थेंब शिवाराबाहेर गेला नाही." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या, तेव्हा खालून बायका हंडे घेऊन चढत होत्या. पुढे आक्काबाई. वय सत्तरीचं.

"गुरुजी, टँकर आला म्हन्त्यात. पानी कुटं हाय?"

मी आसारामला विचारलं, "ही वाडीची खेप होती?"

"मंग कुनाची? इहिरीकडं घेऊ का, म्हून इचारलं हुतं की."

रेंजसाठी दगडावर चढून मी काकासाहेबांना फोन लावला.

"अहो, टंचाईत प्रात्यक्षिकाला टँकर कसा देणार?" ते म्हणाले. "कालच रद्द केला. ग्रुपवर टाकलंय."

"वाडीला दुसरी खेप मिळेल?"

"खेपेवर सही झालीय ना? मग आता चार दिवसांनी."

मी दगडावरून उतरलो. आक्काबाई तिथंच उभी होती.

"मावशी, पाणी जमिनीत मुरलंय. त्यानं विहिरीची पातळी वाढते."

"कवा?"

याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. "दोन-तीन पावसाळे गेले की."

"बरं," ती म्हणाली. "तवर हंडा हितंच ठिवू का?"

बायकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गुमान बसून चराच्या तळाचा गाळ वाटीनं खरवडून पाहू लागल्या. शिक्षकांमधल्या धनश्री मॅडमनी आमचे प्यायचे तीन जार पुढे केले. तान्ही लेकरं असलेल्या घरांना आक्काबाईनं ते वाटून दिले. आमचा चहा बुडाला, तर दोघा-तिघा शिक्षकांनी तेवढ्यावरही कुरकुर केली. मला मात्र जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

सोमवारी शाळेत हजेरी घेतली. वाडीच्या मुली आमच्याच शाळेत येतात. आठपैकी एकही आली नव्हती. तीन किलोमीटरवरच्या शेततळ्यावर हंडे घेऊन गेल्यात, असं एका पोरानं हळूच सांगितलं.

"एवढ्या मुली एकदम कशा गैरहजर?" मुख्याध्यापिका पंकजा मॅडमनी विचारलं.

"आजारी असतील," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात पाणीच पीत नाहीत हो या मुली. जरा समजावून सांगा त्यांना."

मी हो म्हणालो.