नाव घेऊन आवतण

यमुना नगरे हिच्या तळ्यातले मासे आवतण दिल्याशिवाय कुणाच्या ताटात जात नसत. त्या बाजूच्या सगळ्याच तळ्यांची ही रीत. आदल्या दिवशी काठावर जाऊन पाण्यात कुंकू-अक्षता सोडायच्या आणि "उद्या हौसाक्कांच्या खानावळीत यायचं बरं का" असं एकेकाला नाव घेऊन सांगायचं. ज्यांना जमणार असेल ते मासे संध्याकाळपासून काही खात नसत. पोट साफ, म्हणून मांसाला चिखलाचा वास नाही. सकाळी आपणहून जाळ्यात येत. धावपळ नाही, घाबरणं नाही, म्हणून तुकडा कसा घट्ट राही. घाबरलेल्या, रुसलेल्या माशाचं मांस भुसभुशीत होतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

एकदा यमुना माहेरी गेली आणि आवतणाचं काम तिच्या नवऱ्यावर, शिवरामवर पडलं. शिवराम पहिल्यापासून आळसाचा. त्यानं मोबाईलमध्ये आवतण बोलून ठेवलं, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि दोरीनं पाण्यात सोडला. सगळ्यांना एकदमच सांगून मोकळा झाला.

मासे आले, पण तोंडं पाडून आले. हौसाक्कांच्या रश्श्यात तुकड्यांचा पार भुगा झाला.

"यमुने, गिऱ्हाईक विचारतंय, हे पिठलं कशाचं म्हणून," यमुना माहेरून परतताच हौसाक्का म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर मी दुसरं तळं बघते बाई."

खानावळ सुटली तर तळं मोडावं लागणार, आणि तळ्यावाचून यमुनाला एक दिवस करमत नसे. शिवरामला तिनं काय काय ऐकवलं ते सोडा. त्याला पुढे घालून ती काठावर गेली.

तळ्यातल्या कटला जातीच्या सगळ्यांत थोरल्या मासळीला आत्याबाई म्हणत. वयामुळे त्या स्वतः कुठे जात नसत, पण त्यांचा शब्द तळ्यात कुणी मोडत नसे. त्या वर आल्या, पण पाठमोऱ्या.

"आत्याबाई, चुकलं आमचं."

"चुकलं कसलं? आम्हाला काय, पिशवीतनं सांगितलं तरी चालतंय."

"असं नका बोलू. ह्यांना अक्कल नाही."

"माझी नात रडत गेली, यमुने. कुणी नाव घेऊन बोलावलं नाही तिला. रडत गेलेलीचं मांस घट्ट कसं राहावं? तूच सांग."

यमुनाला मनापासून वाईट वाटलं. शिवरामनं कान धरले. आत्याबाईंना खण-नारळ दिला, आणि दिवस मावळेपर्यंत दोघांनी एकेका माशाला नाव घेऊन आवतण दिलं.

सकाळी मासे हसतखेळत जाळ्यात आले. हौसाक्कांनी रश्श्यातला तुकडा पळीनं दाबून पाहिला, मोडला नाही. "आता दुसरं तळं कशाला बघू?" त्या म्हणाल्या. यमुना इतकी खूश झाली की शिवरामला तिनं न मागता चहा दिला.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी आत्याबाई ओट्यावर येऊन टेकल्या. अंगावर तोच खण, कल्ल्याशी कुंकवाचा करंडा.

"यमुना, शिवराम, उद्या आमच्याकडे कार्य आहे. दोघांनी यायचं. आज रात्री काही खाऊ नका, आणि मनात भीती ठेवू नका." यमुनाला कुंकू लावून त्या आल्या वाटेनं परत गेल्या.

शिवरामचा चेहरा उतरला. "अगं, काहीतरी सांगून टाळ की."

"टाळायचं कसं? एवढ्या उन्हातनं स्वतः आल्या त्या. नाव घेऊन बोलावलं," यमुना म्हणाली, आणि भाकरीसाठी काढलेलं पीठ तिनं परत डब्यात ओतलं.