तांबड्या मातीतलं पिल्लू

एका जंगलात, मुलांनो, एक गुहा होती. तिच्या तळाच्या तांबड्या मातीत दोन लाख वर्षांपूर्वीचा एक जबडा सापडला. माकडाचा म्हणावा तर थोराड, माणसाचा म्हणावा तर ओबडधोबड.

"माणूस आपल्याच जंगलात सुरू झाला!" सिंहमहाराजांनी जाहीर केलं.

"म्हणजे दोष आपलाच की," अस्वल पुटपुटलं. त्याला लगेच गुहेचा पहारेकरी नेमून गप्प केलं.

उत्खननाचे प्रमुख झाले तरसराव. हाडांची त्यांना लहानपणापासून आवड.

खणताना वरच्या काळ्या मातीत त्यांना एक छोटासा सांगाडा मिळाला. तेवढ्यात करडी वानरी धावत आली.

"तरसराव, ते माझं पिल्लू आहे हो. पावसाळ्यात तापाने गेलं. मीच इथं ठेवलंय."

"पावसाळ्यात? कुठल्या?"

"ह्याच. परवा सरला तो."

"अरेरे!" तरसरावांना खरंच वाईट वाटलं. "म्हणजे काहीच जुनं नाही. बाई, असल्या हाडांनी आमच्या कामात घोळ होतो. उद्या राडारोड्याबरोबर दरीत जाईल ते."

"दरीत?"

"तुमच्या भावना समजतात. पण शास्त्र आहे."

करडीने वाद घातला नाही. संध्याकाळी मंडळी जेवायला गेली, तेव्हा तिने एकेक हाड उचललं, तळाच्या तांबड्या मातीत घोळवलं आणि जबडा निघाला त्याच खड्ड्यात पिल्लाला निजवलं. कुशीवर. त्याला तशीच झोप लागायची.

सकाळी तरसराव किंचाळले, "बालक! दोन लाख वर्षांपूर्वीचं! माणूस व्हायला निघालं होतं हो, वाटेतच गेलं!"

पिल्लाला काचेच्या पेटीत ठेवलं. महाराजांनी भाषण केलं.

"कुशीवर निजवलंय, बघा! काय त्या माउलीचं काळीज असेल!"

महाराज रडले. मग सगळ्यांनाच रडावं लागलं. हरणं जास्त रडली. ती पहिल्या रांगेत होती.

दर्शनाच्या रांगेत करडीची पाळी आली. तिने काचेवर हात ठेवला.

"ए बाई, हात काढ!" अस्वल खेकसलं. "तुझं कोण लागतं ते?"

करडीने तोंड उघडलं. मग तिला दरी आठवली.

"कोणी नाही, दादा," ती म्हणाली आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली.

तात्पर्य: समाज फार हळवा असतो. मेलेल्याने फक्त दोन लाख वर्षं दम धरायला हवा.